जिथं झिजतं, तिथंच

दख्खनचं पठार, वैशाख, १८८०

भात्याची दोरी तुमच्या हातात आहे. ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. मध्येच थांबलात तर निखारे काळवंडतात आणि लोहार मान न वळवता खाकरतो. मृगाला महिनाही उरलेला नाही. भट्टीपुढं शेतकरी फाळ घेऊन ओळीनं बसले आहेत. काळ्या रानात चाललेल्या फाळाचं टोक नुसतं बोथट झालंय. मुरमाड माळावर चाललेला फाळ मात्र चार बोटं आखूड होऊन आलाय.

लोहार एकेक फाळ निखाऱ्यात खुपसतो. लाल झाला की सांडशीत धरून ऐरणीवर घेतो, समोरून त्याचा मुलगा घण घालतो, टोक निमुळतं होत जातं आणि शेवटी पाण्यात बुडतं. फाळ पाजवून झाला. रोख पैसे कुणी देत नाही. सुगीला खळ्यावर लोहाराचं बलुतं निघेल. दुपारपर्यंत दहा-बारा फाळ तुमच्या डोळ्यांदेखत होतात आणि तुमच्या लक्षात येतं, की या कामात लोखंडाची भर कुठंच पडत नाही. मागचं लोखंड ठोकून पुढं आणलं जातं. फाळ दर वर्षी टोकदार होतो आणि दर वर्षी आखूड होतो.

दिवस कलल्यावर कुऱ्हाडीचं काम निघतं. ते वेगळं आहे. लोखंडाची पट्टी दुमडून दांड्यासाठी जागा सोडलेली आहे. दुमडलेल्या दोन पाळ्यांच्या मध्ये लोहार जुन्या कानशीचा एक तुकडा बसवतो. तुम्ही विचारता, सगळी कुऱ्हाडच कानशीच्या पोलादाची का करत नाही?

“समदी पोलादाची केली तर गाठीवर बसताच फुटंल. समदी लोखंडाची केली तर धार लोळंल. धारेला पोलाद, अंगाला लोखंड. ओढ भाता.”

सांध्यावर तो बारीक वाळू टाकतो. वाळू वितळते आणि लोखंडावरची जळकी खपली सोबत घेऊन बाहेर वाहते. आता तापाचा रंग पिवळ्याच्या पुढं, पांढऱ्याकडं जायला हवा. ताप कमी पडला तर सांधा धरत नाही. जास्त झाला तर पोलादातून ठिणग्या फुटू लागतात, म्हणजे ते जळतंय. ताप मोजायला कसलंही साधन नाही. लोहाराचे डोळे आहेत आणि तुमच्या हातातली दोरी आहे. पहिले घाव हलके, मग जोराचे. दोन धातूंमधली रेघ दिसेनाशी होते.

कठीण धातू लागेल तेवढाच आणि लागेल तिथंच. बाकीचं अंग चिवट. इथून पुढं जिथं जिथं जाल तिथं हाच विचार तुम्हाला भेटेल. अडचण एवढीच, की भट्टीत मावेल आणि घणाखाली येईल अशाच वस्तूला हे करता येतं. साखर कारखान्यातला टनावारी वजनाचा रोलर कुठल्या निखाऱ्यात ठेवणार? वस्तू आगीपाशी नेण्याऐवजी आगच झिजलेल्या जागेपर्यंत न्यायला हवी.

पेर्म, रशिया, १८८८

कामा नदीच्या काठचा मोतोविलिखाचा तोफांचा कारखाना. बाहेर बर्फ आहे, आत डायनामोची घरघर. तुमच्या हातात काळी काच दिली गेली आहे आणि ती डोळ्यांसमोरून काढायची नाही अशी ताकीद आहे. निकोलाय स्लाव्यानोव्ह हा खाणींचा अभियंता धातूची कांडी एका मोडक्या यंत्रभागाजवळ नेतो. दोघांच्या मधल्या फटीत वीज उडी घेते. काचेआडून तुम्हाला दिसतं ते असं: कांडीचं टोक वितळतंय, थेंब होऊन खाली पडतंय आणि मोडक्या जागेवर साचतंय.

त्याच्या आधी, १८८१ साली, निकोलाय बेनार्दोस यानं कार्बनच्या कांडीनं विजेची ही ज्योत वापरली होती. स्लाव्यानोव्हनं कांडीच धातूची केली. आता आग आणि भर दोन्ही एकाच टोकातून येतात. फाळात जी भर कधी पडत नव्हती, ती इथं थेंबाथेंबानं पडते आहे.

अजून दोन गोष्टी हव्यात. उघड्या कांडीच्या वितळत्या थेंबात हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शिरतो, त्यामुळे थर ठिसूळ आणि सच्छिद्र होतो. १९०७ साली स्वीडनमध्ये ऑस्कर शेल्बर्ग कांडीवर लेप चढवेल, तो लेप जळून थेंबाभोवती आडोसा करेल आणि आज कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळणारा वेल्डिंग रॉड जन्माला येईल. दरम्यान फ्रान्समध्ये ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलीन एकत्र जाळणारा टॉर्च तयार होईल. त्याची ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते आणि ती हातानं हवी तिथं वळवता येते. आगीचा प्रश्न सुटला. आता त्या टोकातून सोडायला लोखंडापेक्षा कठीण धातू पाहिजे.

कोकोमो, इंडियाना, १९१३

या गावाला जमिनीखालच्या नैसर्गिक वायूनं भरभराट दिली आणि एल्वुड हेन्स या वायूच्या धंद्यातूनच पुढं आला. ४ जुलै १८९४ रोजी त्यानं गावाबाहेरच्या रस्त्यावर आपली पेट्रोलची मोटार चालवून दाखवली. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोटारींपैकी ती एक. पण तुम्ही आलात ते त्याच्या छोट्या भट्टीपाशी. तो न गंजणारा धातू शोधत होता, सुऱ्या-काट्यांसाठी. कोबाल्ट आणि क्रोमियम एकत्र वितळवल्यावर त्याला चमक तर मिळालीच, वर कठीणपणाही मिळाला. १९०७ साली त्याचं पेटंट झालं. पुढं त्यात टंगस्टन मिसळल्यावर धातू आणखी कठीण झाला. त्याला त्यानं नाव दिलं स्टेलाइट.

लेथच्या चाकाशी उभे राहा. स्टेलाइटचं कापायचं हत्यार पोलादाच्या फिरत्या दांड्याला टेकलं आहे, वेग वाढवला आहे, हत्याराचं टोक लालसर झालं आहे. साध्या पोलादाचं हत्यार एव्हाना मऊ पडून घसरलं असतं. हे कापतच राहतं. लाल तापातही कठीण राहणं हा या धातूचा खरा गुण, आणि पुढं इंजिनांच्या व्हॉल्व्हवर त्याचा थर चढणार आहे तो याच गुणामुळं.

पण हा धातू घणाखाली येत नाही. ओतावा लागतो आणि नंतर घासून आकार द्यावा लागतो. आघात झाला तर तुटतो. कोबाल्ट कॅनडातल्या ओंटारिओहून येतं आणि महाग पडतं. यातून अख्खा फाळ किंवा अख्खं ड्रिल करायचं म्हटलं तर खर्चही परवडणार नाही आणि पहिल्या दगडाला ते टिकणारही नाही. धारेला पोलाद, अंगाला लोखंड हे दख्खनच्या लोहारानं सांगितलं होतं. इथं पोलादच अंग झालं आहे आणि धारेसाठी आणखी कठीण काहीतरी आलं आहे.

१९२० साली हेन्सची कंपनी युनियन कार्बाइडकडं जाते. या मोठ्या कंपनीच्या छत्राखाली आधीपासूनच अ‍ॅसिटिलीनचा धंदा आहे आणि ऑक्सिजनचाही. कठीण धातू आणि तो वितळवणारी ज्योत एका घरात आली. आता त्यांना झिजणारी जागा हवी.

सिग्नल हिल, कॅलिफोर्निया, १९२३

लाँग बीच शहरालगतची टेकडी. २३ जून १९२१ रोजी इथल्या अलामिटोस क्रमांक एकच्या विहिरीतून, ३,११४ फूट खोलीवरून, तेल उसळलं. दोन वर्षांत टेकडीवर डेरिक, म्हणजे विहिरींवरचे उंच सांगाडे, इतके दाटले आहेत, की एकाची सावली दुसऱ्यावर पडते. घरांच्या परसात डेरिक आहेत. हवेत कच्च्या तेलाचा, वाफेचा आणि ओल्या चिखलाचा वास.

तुम्ही रिगवर हेल्पर आहात. पाइपांच्या लांबलचक दांड्याच्या खालच्या टोकाला दोन पात्यांचं, माशाच्या शेपटीच्या आकाराचं बिट आहे. वर मशीन फिरतं, खाली बिट फिरतं, पोकळ पाइपातून चिखलाचं पाणी सोडलेलं असतं, ते खरवडलेली माती घेऊन वर येतं. मऊ मातीत काम झरझर चालतं. मग वाळूच्या दगडाचा थर लागतो. दांडा फिरत राहतो, पण खोली वाढत नाही. ड्रिलर हात वर करतो.

म्हणजे सगळं बाहेर काढायचं. खोली तीन हजार फूट. तीन-चार पाइप एकत्र जोडलेलेच वर उचलून डेरिकमध्ये उभे करायचे, तरी तीस-चाळीस वेळा जोड सोडावा लागतो. प्रत्येक जोड सुटताना वरून चिखल अंगावर ओघळतो. तासन् तास हे चालतं आणि तेवढा वेळ विहिरीची खोली बोटभरही वाढत नाही. शेवटी बिट हातात येतं. पाती गुळगुळीत झाली आहेत. त्याहून वाईट म्हणजे बाजू झिजून बिट अरुंद झालंय, त्यामुळे खालचं भोकही अरुंद पडलंय. नवं पूर्ण मापाचं बिट सोडलं तर ते तिथं अडकेल.

बिट भट्टीत जातं. ठोकून पाती पुन्हा रुंद करतात, पाणी देतात. हे काम तुम्हाला ओळखीचं वाटेल. इथंही भर पडत नाही, मागचं पुढं ओढलं जातं.

आज मात्र भट्टीशेजारी एक माणूस टॉर्च घेऊन बसला आहे. कार्बाइडवर पाणी सोडून केलेल्या गॅसचा लसणासारखा वास येतो. तुम्हाला गडद गॉगल मिळतो आणि तुम्ही त्याच्या खांद्याशी वाकता. पहिली गोष्ट तो ज्योतीची करतो. ऑक्सिजन कमी करतो, अ‍ॅसिटिलीन जास्त ठेवतो. ज्योतीच्या आतल्या लखलखत्या सुळक्याभोवती फिकट पिसारा उमटतो. हा पिसारा सुळक्याच्या तिप्पट लांब झाला की त्याचा हात थांबतो. पोलाद जोडताना अशी ज्योत कुणी वापरणार नाही, कारण तिच्यातला जास्तीचा कार्बन पोलादात शिरतो. इथं तेच हवं आहे. वरच्या पापुद्र्यात कार्बन शिरला की तेवढा पापुद्रा कमी तापात वितळायला लागतो, आणि खालचं पोलाद घट्टच राहतं.

तो पात्याच्या कडेवर ज्योत फिरवतो. पोलाद लाल होतं, नारिंगी होतं, आणि मग पृष्ठभागावर ओलसर चमक येते. पोलादाला घाम फुटला. हाच तो क्षण. तो स्टेलाइटची कांडी ज्योतीत आणतो, थेंब पडतो आणि ओल्या कडेवर सपाट पसरतो. खालचं पोलाद त्यात मिसळत नाही म्हटलं तरी चालेल. घाम यायच्या आधी थेंब टाकला असता तर तो गोळा होऊन घरंगळला असता. थांबून घामाचं डबकं होऊ दिलं असतं तर पोलाद वर येऊन महागडा धातू पातळ झाला असता. सगळी कसोटी त्या मधल्या दोन-तीन सेकंदांत आहे.

थर दोन-तीन मिलिमीटरचाच, आणि पात्याच्या समोरच्या अंगावर. मागचं पोलाद त्यानं उघडं सोडलं आहे. खाली गेल्यावर मागचं मऊ पोलाद आधी झिजेल, पुढचा कठीण थर किंचित पुढं राहील, आणि धार झिजता झिजताच टिकत जाईल. संध्याकाळी हे बिट विहिरीत उतरतं. पाळी बदलते, नवी माणसं येतात. बिट अजून खालीच आहे, आणि दांड्याची खोली वाढते आहे.

इथून जवळच, व्हिटियर गावात, विन्स्टन आणि शेली या स्टूडी बंधूंचा वेल्डिंगचा धंदा आहे. त्यांचा रस्ता वेगळा. कोबाल्ट महाग, तर क्रोमियमवर भर द्यायचा. पोलादाच्या बारीक नळीत मिश्रधातूची भुकटी भरायची आणि ती नळीच कांडी म्हणून वितळवायची. नळीचं लोखंड आणि भुकटीतलं क्रोमियम, कार्बन झिजलेल्या जागीच एकत्र येतात. जो धातू तार म्हणून ओढता येत नाही, ठोकून घडवता येत नाही, तो यामुळं कांडीच्या रूपानं हातात आला. नळीत भरण्याची ही रीत आजही चालू आहे.

हे सगळं कशासाठी, ते एका वाळूच्या कणात आहे. याच सुमाराला इंग्लंडमध्ये विकर्स कंपनीत हिऱ्याचं टोक धातूवर दाबून उमटलेल्या खुणेवरून कठीणपणा मोजण्याची पद्धत तयार होते आहे. त्या मापावर चांगलं कडक केलेलं पोलाद ७०० ते ८०० च्या आसपास येतं. वाळूतलं गार म्हणजे क्वार्ट्झ हजाराच्या वर जातं. म्हणून नांगर, बिट, बादली, काहीही असो, वाळूपुढं पोलाद हरतं. पाणी कितीही चांगलं दिलेलं असो. क्रोमियम आणि कार्बन यांच्या संयोगाचे कण १,५०० च्या पुढं जातात, टंगस्टन कार्बाइडचे २,००० च्या पुढं. वाळूला ओरखडा काढता येणार नाही असे हे कण चिवट धातूत गच्च बसवले, की मातीशी चाललेला हा जुना हिशेब उलटतो.

पश्चिम महाराष्ट्र, जानेवारी, आज

साखर कारखान्याच्या मिल हाउसमध्ये तुमचे पाय दणदणताहेत. गव्हाणीत पडलेला ऊस कटरखालून, फायबरायझरच्या हॅमरखालून पिंजून पुढं येतो आणि ओतीव लोखंडाच्या मोठमोठ्या रोलरांमध्ये शिरतो. रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतात. हवेत रसाचा गोड, आंबूस वास आहे.

मिस्त्री तुम्हाला मिलच्या कडेच्या प्लॅटफॉर्मवर घेऊन जातात. रोलरच्या दातांवर बोट दाखवतात. दात चकचकीत झालेत.

“चकाकी बघून खूश होऊ नका. गुळगुळीत रोलर ऊस आत ओढत नाही, घसरतो. मग चोथ्यात रस जातो.”

मिल थांबवायची नाही. गळीत हंगामात थांबलेल्या तासाची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेर गाड्यांची रांग आहे. मिस्त्री फिरत्या रोलरच्या दातांवर रॉड टेकवतात, उचलतात, पुन्हा टेकवतात. प्रत्येक वेळी दाताच्या उतारावर एक खरखरीत दाणा उमटतो. याला इथं आर्किंग म्हणतात. रोलर ओला आहे, वरून रस ओघळतो आहे, ओतीव लोखंड मुळातच वेल्डिंगला कुरकुरणारं. तरी खास यासाठी केलेला रॉड धरतो. या ठिकाणी थराचं काम फक्त झीज थांबवण्याचं नाही. पृष्ठभागाला पकड देण्याचं आहे.

तुम्हाला एक काम दिलं जातं, अर्थिंग तपासण्याचं. ते रोलरच्या शाफ्टलाच घट्ट भिडलेलं हवं. मिलच्या सांगाड्याला कुठंतरी अडकवलं तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग खातो. इथं रॉड धरणाऱ्याइतकीच जोखीम केबल लावणाऱ्यावर आहे.

तेच गाव, जून, आज

हंगाम संपला. कारखान्याच्या रस्त्यालगतच्या वर्कशॉपमध्ये ट्रॉली भरून हॅमर आले आहेत. एकेका हॅमरचं वजन पंधरा-वीस किलोंच्या घरात. लाखो टन ऊस आणि उसासोबत आलेली माती यांना तोंड देऊन त्यांचा एक कोपरा गोल झालाय. गेलं आहे ते कोपऱ्यावरचं मूठभर पोलाद. बाकीचा हॅमर जसाच्या तसा आहे. नवा घ्यायचा तर त्या मूठभरासाठी अख्ख्या हॅमरचे पैसे मोजायचे.

मिस्त्री रॉडला लगेच हात लावत नाहीत. आधी ग्राइंडरनं गेल्या वर्षीचा तडकलेला थर काढतात, कारण फुटक्या थरावर नवा थर धरत नाही. मग गॅसनं हॅमर शेकतात आणि ठरावीक तापमानाला वितळणारा खडू त्यावर ओढून बघतात. मध्यम कार्बनच्या पोलादावर थंडपणी वेल्डिंग केलं तर त्याच्या कडेचं पोलाद इतक्या वेगानं गार होतं, की ते काचेगत तडकतं.

पहिला थर चिवट रॉडचा. गेलेला आकार भरून काढायचा. वरचे दोन थर क्रोमियम कार्बाइडचे. दोनच का, हे तुम्ही विचारताच मिस्त्री सांगतात, की यातल्या पहिल्या थरात खालचं पोलाद मिसळतं म्हणून तो थोडा मऊ राहतो, दुसऱ्यात खरा कठीणपणा येतो, आणि तिसऱ्या-चौथ्यापासून थर सुटून पडायची भीती वाढते. जास्त भरलं म्हणजे जास्त टिकलं, असं या कामात होत नाही.

आता होल्डर तुमच्या हातात येतो. काच खाली करा. रॉड जवळ धरा, आर्क म्हणजे विजेची ज्योत आखूड ठेवा, हात सावकाश आणि सारख्या गतीनं न्या. काचेआडच्या हिरव्या अंधारात वितळलेल्या धातूचं लहान तळं तुमच्यासोबत सरकतं. नजर आर्कवर ठेवायची नाही, त्या तळ्याच्या मागच्या कडेवर ठेवायची. रॉड संपतो. स्लॅग झटकता. आणि गार होता होता थरातून आवाज येतो: टिक्. थोड्या वेळानं पुन्हा, टिक्. आडव्या बारीक चिरा पडत आहेत, बोटाच्या रुंदीएवढ्या अंतरानं. तुम्ही घाबरून मिस्त्रींकडं पाहता.

“पडू द्या. थराला ओढ बसलीय ती अशी मोकळी होते. चीर थरातच राहिली पाहिजे, खाली उतरता कामा नये. त्यासाठीच खाली चिवट थर घातलाय.”

दुपारी खडी क्रशरचा जबडा येतो. मिस्त्री खिशातलं लोहचुंबक टेकवतात. ते चिकटत नाही. म्हणजे मँगनीज पोलाद. १८८२ साली शेफिल्डमध्ये रॉबर्ट हॅडफिल्डनं शोधलेला हा धातू मार खाऊन कठीण होतो. दगड जितका आदळेल तितका त्याचा वरचा भाग घट्ट होतो. सकाळी हॅमरला जे केलं त्याच्या अगदी उलट इथं करायचं. शेकायचं नाही. सारखं वेल्डिंग करत राहायचं नाही. अडीचशे अंशांच्या पुढं हा धातू रेंगाळला तर आतून ठिसूळ होतो, म्हणून थोडं वेल्डिंग, मग थांबणं, हात दुसऱ्या टोकाला नेणं. चुंबक न लावता सकाळचीच रीत इथं चालवली असती तर जबडा पहिल्याच दगडाला तुटला असता.

शेजारी उत्खनन यंत्राची बादली आहे. तिच्यावर रेघा कशा ओढायच्या ते ती कुठं चालणार यावर ठरतं. काळ्या पाषाणाच्या खाणीत चालणार असेल तर दगड ज्या दिशेनं सरकतो त्याच दिशेनं रेघा; मोठे दगड रेघांच्या पाठीवरून घसरत जातात आणि मधल्या पोलादाला शिवत नाहीत. माती-वाळूत चालणार असेल तर रेघा आडव्या. मधल्या खाचांत माती दबून बसते आणि पुढची माती त्या मातीवरच घासते. दोन्ही मिसळ असेल तर चौकडी. झीज कशी होते ते ज्याला वाचता येतं, त्याला कमी रॉडमध्ये जास्त काम साधतं.

दिवसभरात शेडच्या पत्र्याखाली निळसर धूर साचला आहे. हा धूर साधा नाही. कठीण थराच्या रॉडमध्ये क्रोमियम भरपूर असतं आणि त्याचा काही भाग धुरात घातक रूपात येतो. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणारा म्हणून नोंदवला. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. धूर नाकाशी पोहोचायच्या आधी ओढून घेणारा पंखा, योग्य मास्क आणि वाऱ्याकडं पाठ करून बसायची जागा, एवढं तरी प्रत्येक शेडमध्ये असलंच पाहिजे. यंत्राचा झिजणारा कोपरा वाचवणाऱ्या माणसाची फुप्फुसं झिजू देणं कुठल्याच हिशेबात बसत नाही. हॅमरमागं वाचलेल्या पैशातून पहिला खर्च या पंख्याचा व्हायला हवा.

ट्रॉलीतले शेवटचे हॅमर उरतात. मिस्त्री एकावर लाल रंगाचा द्रव फवारतात, थोड्या वेळानं पुसतात आणि वरून पांढरी पावडर मारतात. पिन बसते त्या भोकाच्या कडेला पांढऱ्यातून लाल रेघ उमटते. कोपरा फारसा झिजलेला नाही, थर चढवला तर हॅमर नव्यासारखा दिसेल. पण हा तडा थरातला नाही, अंगातला आहे. गर्रकन फिरणाऱ्या रोटरवरून असा हॅमर सुटला तर तो केसिंग फोडून बाहेर येईल. मिस्त्री तो भंगारात टाकतात. कठीण थर चढवण्याचं हे काम, म्हणजे हार्डफेसिंग, झिजलेल्याला वाचवतं, तडकलेल्याला नाही, आणि हा फरक ओळखणं या कामाचा निम्मा भाग आहे.

भरून झालेले हॅमर काट्यावर जातात. समोरासमोर बसणाऱ्या दोन हॅमरांचं वजन जुळलं पाहिजे, नाहीतर रोटर थरथरतो आणि बेअरिंग जातात. ज्यात जास्त धातू पडला असेल तो घासून जोडीदाराच्या वजनाला आणायचा. प्रत्येकावर नंबर टाकून वहीत लिहायचं: कुठला रॉड, किती थर, गेल्या हंगामात किती टन उसाला टिकला. ही वही जपणाऱ्या वर्कशॉपला पुढच्या वर्षी रॉड निवडताना विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

मिस्त्री तुमच्या हातात खडू देतात. पुढची ट्रॉली तुम्ही तपासायची. प्रत्येक हॅमर उचलून बघायचं: किती झिजला, कुठं झिजला, कशानं झिजला, अंगात तडा आहे का, आणि त्यावरून भरायचा की टाकायचा. उत्तर खडूनं हॅमरवरच लिहायचं. होल्डरला हात लावायचा तो त्यानंतर.